‘शुगर किती आली?’ या प्रश्नाचं खरं उत्तर मिळावं म्हणून

मधुमेहाबद्दल बोलताना कोणते शब्द टाळावेत आणि का, यावर २०११ साली ‘डायबेटिस ऑस्ट्रेलिया’ या संस्थेने एक निवेदन काढलं. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या मधुमेहतज्ज्ञांच्या आणि मधुमेह-प्रशिक्षकांच्या संघटनांनी मिळून तशीच मार्गदर्शिका आणली, २०१८ मध्ये इंग्लंडच्या एनएचएसने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने आणली. २०२४ मध्ये तर अनेक देशांतल्या संशोधकांनी आणि मधुमेहासोबत जगणाऱ्या माणसांनी एकत्र येऊन मधुमेहाला चिकटलेला कलंक संपवण्यासाठी संयुक्त निवेदन प्रसिद्ध केलं. अशी बातमी वाचली की पुष्कळांना प्रश्न पडतो: आजार रक्तातल्या साखरेचा, उपाय औषधाचा, आहाराचा, व्यायामाचा. त्यात शब्दांचं काय काम? गोड बोलून कुणाची साखर उतरणार आहे का?

नाही उतरणार. पण मधुमेहाचे उपचार ज्या माहितीवर चालतात, ती माहिती बहुतेक वेळा त्या माणसाच्याच तोंडून येते. गोळी किती वेळा चुकली, रात्री घाम फुटून कधी जाग आली, किती दिवस बोट टोचून साखर पाहिलीच नाही, इन्सुलिनचा डोस कधी मुद्दाम टाळला. ही उत्तरं खरी मिळाली तर डॉक्टरांना औषध नीट बसवता येतं आणि घरच्यांना मदत करता येते. ती लपवली गेली, तर सगळे अंदाजाने चालतात आणि त्या अंदाजाची किंमत रुग्णाचं शरीर मोजतं. माणूस खरं सांगेल की लपवेल, हे बऱ्याच अंशी आधीच्या वेळी खरं सांगितल्यावर त्याला काय ऐकावं लागलं यावर ठरतं.

आधी शरीरात काय चालतं ते

आपण खाल्लेल्या अन्नाची साखर होते आणि ती रक्तात उतरते. स्वादुपिंड नावाचा अवयव इन्सुलिन बनवतो. हे इन्सुलिन रक्तातली साखर पेशींमध्ये पोचवायला मदत करतं. दोन जेवणांच्या मधल्या काळात, झोपेतसुद्धा, यकृत साठवलेली साखर थोडी थोडी रक्तात सोडत असतं. किती साखर आली, किती इन्सुलिन हवं, याचा हिशेब निरोगी शरीर दिवसरात्र आपोआप ठेवतं आणि माणसाला त्याचा पत्ताही नसतो.

मधुमेहात ही आपोआप चालणारी व्यवस्था अपुरी पडते. टाइप १ मध्ये शरीराची रोगप्रतिकारशक्तीच इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर हल्ला करते आणि इन्सुलिन जवळजवळ बनेनासं होतं. टाइप २ मध्ये इन्सुलिनला शरीर नीट प्रतिसाद देत नाही आणि हळूहळू ते कमीही पडू लागतं. दोन्हीकडे परिणाम एकच: जे काम शरीर न सांगता करत होतं, ते आता माणसाला जागेपणी, विचार करून, रोज करावं लागतं.

हे काम कसं असतं? कल्पना करा, अंघोळीसाठी गरम आणि गार अशा दोन नळांचं पाणी जुळवायचं आहे. मात्र नळ फिरवल्यावर त्याचा परिणाम कळायला तास-दीड तास लागतो, आणि त्याच टाकीवरचे दुसरे नळ घरातलं कुणीतरी न सांगता उघडतं आणि बंद करतं. अशा वेळी एखाद्या दिवशी पाणी कढत आलं, तर नळाशी उभ्या असलेल्या माणसाला आपण निष्काळजी म्हणणार नाही. आणि त्याने उद्याही नळाशी उभं राहावं अशी आपली इच्छा असेल, तर नक्कीच म्हणणार नाही.

ते दुसरे नळ कोणते?

पहाटेच्या सुमारास शरीरात कॉर्टिसॉल, वाढीचं संप्रेरक अशी काही संप्रेरकं वाढतात आणि यकृत जास्त साखर सोडतं. त्यामुळे रात्रीपासून पोटात काहीच गेलेलं नसताना सकाळची उपाशीपोटीची साखर चढलेली दिसू शकते. सर्दी-ताप किंवा कुठलाही संसर्ग झाला तरी साखर वाढते. दमा किंवा सांधेदुखीसाठी स्टेरॉइड सुरू केलं की वाढते. अपुरी झोप, मानसिक ताण, मासिक पाळीच्या आधीचे दिवस, एकाच जागी पुन्हा पुन्हा टोचल्यामुळे तिथे आलेली गाठ, गरम झाल्यामुळे निकामी झालेलं इन्सुलिन, ही यादी बरीच लांबवता येईल. व्यायामाने बहुतेकदा साखर उतरते, पण दमछाक करणाऱ्या जोरकस व्यायामाने काही काळ ती चढूही शकते.

आणि ज्या आकड्यावरून एवढं बोललं जातं तो ‘तीन महिन्यांचा’ आकडा, म्हणजे एचबीए१सी? रक्तातल्या लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात. तेवढ्या काळात त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली, हे ही चाचणी मोजते. त्यावरून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. पुष्कळ प्रौढांसाठी ७ टक्क्यांच्या आसपासचं उद्दिष्ट धरतात. वय, इतर आजार आणि साखर फार खाली जाण्याचा धोका पाहून ते बदलतं. ७ टक्के म्हणजे रक्तातली साखर सरासरी सुमारे १५४ (मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर). पण ही सरासरी दिवसभर १५४ च्या आसपास राहिलेल्या माणसाचीही असू शकते, आणि एकदा ६० वर घसरून पुढे २६० वर चढणाऱ्याचीही. रक्तक्षय किंवा लाल पेशींचा एखादा विकार असेल तर हा आकडा फसवाही निघू शकतो. म्हणजे हा आकडा उपयोगी आहे, पण त्या माणसाने किती कष्ट घेतले ते त्यातून दिसत नाही.

याचा फार मोठा पुरावा १९९३ साली समोर आला. अमेरिका आणि कॅनडात टाइप १ मधुमेह असलेल्या १,४४१ जणांवर झालेल्या ‘डीसीसीटी’ या अभ्यासात एका गटाला अतिशय काटेकोर उपचार दिले गेले. त्यांच्या दिमतीला तज्ज्ञांची फौज होती, वारंवार तपासण्या होत्या, सतत संपर्क होता, आणि ही माणसं स्वतःहून अभ्यासात आलेली होती. त्यांच्यापुढे निरोगी माणसासारखा, म्हणजे सुमारे ६ टक्क्यांचा एचबीए१सी गाठण्याचं ध्येय ठेवलं होतं. ते ध्येय सातत्याने टिकवू शकलेले लोक ५ टक्क्यांपेक्षाही कमी निघाले. त्या गटाची सरासरी ७ च्या आसपास राहिली, आणि तेवढ्यानेही डोळ्यांच्या पडद्याचा विकार नव्याने सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही, नोकरी, घर, मुलं सांभाळत एकट्याने हे सगळं जमवायचं आहे, त्यांचा रिपोर्ट पाहून ‘एवढंही जमत नाही का?’ असं विचारताना हा अभ्यास आठवावा असं मला फार वाटतं.

आता सेन्सर लावून दिवसभराची साखर पाहता येते. त्यासाठी २०१९ मध्ये ठरलेलं आंतरराष्ट्रीय उद्दिष्टही हेच मान्य करतं. बहुतेक प्रौढांची साखर ७० ते १८० च्या मध्ये दिवसाचा ७० टक्क्यांहून अधिक वेळ, म्हणजे साधारण १७ तास राहावी, असं ते सांगतं. उरलेले सात तास ती इकडे-तिकडे जाणार, हे तज्ज्ञांनीच गृहीत धरलं आहे.

‘ओढवून घेतलं’ हे कितपत खरं?

मधुमेह असलेल्यांना सगळ्यात जास्त ऐकावं लागतं ते हेच. फार गोड खाल्लंस, हलला नाहीस, म्हणून झालं.

टाइप १ बाबत हे सरळ चूक आहे. तो गोड खाल्ल्याने होत नाही आणि आई-वडिलांच्या हलगर्जीपणानेही होत नाही. तरीही लहान मुलाला मधुमेह झाला की येणारा-जाणारा त्याच्या आईला ‘एवढं काय देत होतीस खायला?’ असं विचारतो. आधीच रात्री उठून उठून मुलाची साखर पाहणाऱ्या त्या आईवर हा प्रश्न काय घाव घालत असेल!

टाइप २ मध्ये वजन, आहार आणि हालचाल यांचा वाटा आहे, ते नाकारायचं कारण नाही. पण आनुवंशिकतेचा वाटाही मोठा आहे. वय, काही औषधं, झोप, ताण, हातात किती पैसा आणि किती वेळ आहे, हेही त्यात येतं. सारखंच खाणाऱ्या दोन भावांपैकी एकाला मधुमेह होतो आणि एकाला होत नाही. सडपातळ माणसांनाही होतो. गरोदरपणातल्या मधुमेहात वारेतून येणारी संप्रेरकं इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतात, आणि तरी ‘बाळासाठी तरी तोंडावर ताबा ठेवायचास’ हे त्या बाईलाच ऐकावं लागतं.

आणखी एक गोष्ट पुष्कळ जणांना ठाऊक नसते. टाइप २ बहुतेकांमध्ये काळासोबत पुढे सरकतो. ब्रिटनमध्ये १९७७ पासून वीस वर्षं चाललेल्या ‘यूकेपीडीएस’ या अभ्यासात दिसलं की निदान होतं त्या वेळीच बीटा पेशींची क्षमता साधारण निम्म्यावर आलेली असते, आणि पुढे ती आणखी घटत जाते. एकाच औषधावर एचबीए१सी ७ च्या खाली ठेवू शकणारे लोक तीन वर्षांनी जवळपास निम्मे होते, नऊ वर्षांनी सुमारे एक चतुर्थांश. म्हणजे औषध वाढलं याचा अर्थ माणूस ढिला पडला असा होत नाही. आजार पुढे गेला म्हणून औषधही वाढवावं लागलं, एवढाच तो बदल असतो.

दोष दिला की पुढे काय होतं

२०२४ च्या त्या संयुक्त निवेदनाने जगभरचे अभ्यास एकत्र करून सांगितलं की मधुमेह असलेल्या दर पाच प्रौढांपैकी चार जणांना या आजाराशी जोडलेला कलंक अनुभवावा लागतो, आणि पाचातल्या एकाला त्यामुळे भेदभावही सोसावा लागतो: नोकरीत, शिक्षणात, दवाखान्यातसुद्धा.

दोष ऐकणारा माणूस सुधारतो, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात तो लपायला शिकतो. चार लोकांत इन्सुलिन घ्यायला नको म्हणून जेवणाआधीचा डोस टाळतो. आकडा वाईट येईल या भीतीने मोजणंच सोडतो. डॉक्टरांकडे जाण्याआधीचे आठ-दहा दिवस कडक पथ्य करतो, वहीत सोयीचे आकडे लिहितो. त्या वहीवरून डॉक्टरांनी डोस ठरवला, तर तो या माणसासाठी चुकीचा असणार.

रोजच्या या ओझ्याने येणाऱ्या थकव्याला तज्ज्ञ ‘डायबेटिस डिस्ट्रेस’ म्हणतात. इथे आपण त्याला मधुमेहाचा शीण म्हणू. हे नैराश्य नव्हे, जरी दोन्ही एकत्र असू शकतात. कितीही केलं तरी पुरत नाही, सुट्टी अशी नाहीच, आणि सगळ्यांचं लक्ष आपल्या ताटाकडे आहे, या भावनेतून तो येतो. १९९५ पासून तो मोजण्यासाठी खास प्रश्नावली वापरात आहे, इतका तो खरा आणि सर्रास आढळणारा आहे. शीण वाढला की औषधपाणी मागे पडतं, साखर चढते, पुन्हा बोलणी बसतात आणि शीण आणखी वाढतो.

शब्द फक्त रुग्णाला लागतात असंही नाही. केसपेपर वाचणाऱ्या पुढच्या डॉक्टरवरही त्यांचा परिणाम होतो. अमेरिकेत शिकाऊ डॉक्टरांना एकाच रुग्णाची टिपणं दोन तऱ्हेने लिहून दाखवण्यात आली. रुग्ण सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या वेदनांनी आलेला होता. एका टिपणात साधी भाषा होती, दुसऱ्यात त्याच्याबद्दल संशय आणि नापसंती सूचित करणारी. वैद्यकीय माहिती तीच होती. दुसरं टिपण वाचणाऱ्यांचं रुग्णाबद्दलचं मत वाईट झालं, आणि त्यांनी वेदनेवर कमी जोरकस उपचार सुचवले. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. आजार वेगळा असला तरी ‘पेशंट पथ्य पाळत नाही’ असा शिक्का मधुमेहाच्या फाइलवर किती सहज बसतो हे पाहिलं, तर काळजी वाटल्यावाचून राहत नाही.

मग बोलायचं कसं?

एक कसोटी मला फार उपयोगी वाटते: माझ्या वाक्यानंतर समोरचा माणूस आणखी काही सांगेल, की गप्प होईल?

‘शुगर खराब आली’, ‘चांगली आली’ हे बोलणं इतकं अंगवळणी पडलंय की त्यात काही खटकतच नाही. पण खराब आकड्याचा माणूस कधी खराब होऊन बसतो, ते कळत नाही. ‘जास्त आली’, ‘कमी आली’, ‘ठरवलेल्या मर्यादेत आहे’ असं म्हटलं तर माहिती तेवढीच पोचते आणि निकाल लागत नाही. ‘टेस्ट’पेक्षा ‘तपासणी’ किंवा ‘साखर बघू’ बरं, कारण टेस्ट म्हटलं की पास-नापास आलंच. ‘कंट्रोल नाहीये’ हे तर साखरेपेक्षा माणसाबद्दलच बोलल्यासारखं वाटतं, जणू त्याचा जिभेवर ताबा नाही. त्याऐवजी ‘गेल्या महिन्यापासून साखर २०० च्या वर राहतेय’ असं नेमकं सांगावं. नेमकं बोलण्याचा हा फायदाच आहे: दोषारोप गळून पडतो आणि माहिती वाढते.

‘पथ्य पाळत नाहीत’, ‘ऐकत नाहीत’ या वाक्यांनी चौकशीच संपते. का पाळता येत नाही, हे विचारायचं राहून जातं. कामाची पाळी बदलती असल्याने जेवणाची वेळ रोज वेगळी असेल. गोळीने मळमळत असेल. औषधाचा खर्च झेपत नसेल. आधी एकदा साखर एकदम खाली गेली तेव्हाची भीती मनात बसली असेल. अक्षर नीट दिसत नसल्याने सिरिंजवरच्या खुणा वाचता येत नसतील. ‘गोळी आठवड्यातून तीन-चारदा राहून जाते, रात्रपाळी आहे’ असं फाइलमध्ये लिहिलं, तर पुढचा डॉक्टर काहीतरी करू शकतो. ‘सहकार्य नाही’ एवढ्यावरून त्याला काहीच करता येत नाही.

प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत तर जमीन-अस्मानाचा फरक पडतो. ‘काकू, गोळ्या वेळेवर घेता ना?’ या प्रश्नाला ‘हो’ याशिवाय उत्तरच नाही. ‘काकू, रोज एवढ्या गोळ्या म्हणजे पुष्कळांच्या अधूनमधून राहूनच जातात. तुमची कुठली जास्त राहते?’ असं विचारलं की काकू बोलू लागतात. राहून जाणं हे नेहमीचंच आहे, असं प्रश्नातच मान्य केलेलं असतं.

घरातलं बोलणं आणखी नाजूक. ‘बाबा, तुम्हाला हे चालतं का?’ हा प्रश्न चारचौघांत, ताट समोर असताना विचारला तर तो काळजीचा उरत नाही, पहाऱ्याचा होतो. आणि बहुतेक वेळा बाबांना चालत असतं. मधुमेहात ठरावीक पदार्थांवर सरसकट बंदी नसते. किती, कधी, कशासोबत आणि त्यासाठी औषध कसं जुळवायचं हा हिशेब असतो, आणि तो त्यांनी मनात केलेला असू शकतो. मदत करायची इच्छा असेल तर जेवणाच्या वेळी नव्हे, एरवी निवांत विचारावं: ‘बाबा, याबाबत मी काय केलेलं तुम्हाला आवडेल? आठवण केलेली चालेल, की नको?’ मिळालेलं उत्तर ‘नको’ असलं, तर ते पाळावं.

मुलांच्या बाबतीत एक सवय लावून घेण्यासारखी आहे. मुलगा किंवा मुलगी शाळेतून आल्यावर पहिला प्रश्न साखरेचा नसावा. आधी दिवस कसा गेला ते ऐकावं, मग आकडा. आणि आकडा ऐकल्यावर चेहरा बदलू देऊ नये, मुलं तो वाचतात. ‘२८० आहे. बरं झालं पाहिलंस. आता काय करूया?’ या तीन छोट्या वाक्यांत पाहण्याचं कौतुक आहे आणि पुढचं पाऊल आहे. ‘२८०? काय खाल्लंस?’ असं दोन-तीनदा झालं, की चौथ्यांदा मूल १४० सांगेल.

इन्सुलिनची धमकी

‘असंच चालू राहिलं तर इन्सुलिनच सुरू करावं लागेल’ हे वाक्य दवाखान्यात आणि घरात दोन्हीकडे ऐकू येतं. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण यूकेपीडीएसने जे दाखवलं ते आठवा: टाइप २ असलेल्या पुष्कळांना कधी ना कधी इन्सुलिन लागू शकतं, त्यांनी सगळं नीट करूनही. ज्या औषधाची वर्षानुवर्षं शिक्षा म्हणून भीती घातली, ते खरोखर द्यायची वेळ येते तेव्हा माणूस ‘नको’ म्हणतो, महिनोन्महिने टाळतो, आणि तेवढा काळ साखर चढलेलीच राहते. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोमध्ये १४ वर्षांच्या एका मरणासन्न मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी या आजाराच्या मुलांना उपाशी ठेवून काही महिने जगवण्यापलीकडे डॉक्टरांच्या हाती फारसं काही नव्हतं. इन्सुलिनची ओळख करून द्यायची तर ही करून द्यावी. निदानाच्या पहिल्या काही भेटींतच म्हणावं: ‘मधुमेह काळासोबत बदलतो, त्यानुसार औषधंही बदलू. पुढे कधी इन्सुलिन लागलं, तर तेही आपल्या हातातलं एक चांगलं औषध आहे.’

पण मग धोका सांगायचाच नाही का?

सांगायचाच. डोळे, मूत्रपिंडं, पाय, हृदय यांना होणारी इजा खरी आहे आणि ती जाणून घेण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. शब्द मऊ करण्याच्या नादात माहितीच मऊ केली, तर तो दुसऱ्या प्रकारचा अन्याय होईल.

प्रश्न आहे तो नुसत्या भीतीचा. भीती दाखवून वागणं बदलतं का, यावर आरोग्यसंवादाच्या क्षेत्रात बरंच संशोधन झालं आहे. त्यातलं मुख्य निरीक्षण असं की धोका मोठा आहे आणि त्यावर मला काही करता येईल, या दोन्ही गोष्टी पटल्या तरच माणूस हालचाल करतो. धोका मोठा आणि हातात काहीच नाही असं वाटलं, तर तो विषयच टाळतो. ‘पाय कापावा लागेल, मग समजेल’ हे वाक्य धोका सांगतं आणि तिथेच थांबतं. ‘साखर बरेच दिवस चढलेली राहिली की पायातली संवेदना कमी होते, जखम झालेली कळत नाही आणि ती चिघळते. म्हणून रोज रात्री तळवे पाहायचे, आणि वर्षातून एकदा पायांची तपासणी करून घ्यायची’ या सांगण्यातही गंभीर धोका आहे, शिवाय आज रात्री काय करायचं तेही आहे.

एवढं जपून बोलायचं, तर गप्प बसलेलं बरं

हा आक्षेप मला कळतो. पण गप्प बसण्याने माणूस आणखी एकटा पडतो, आणि काही प्रसंगी ते धोक्याचंही ठरतं. साखर ७० च्या खाली गेली की हात थरथरतात, घाम येतो, चिडचिड होते, बोलणं अडखळतं. त्या वेळी सूचना स्पष्टच हवी: ‘साखर कमी झालेली वाटतेय, आधी हे ग्लुकोज घे.’ माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर १५ ग्रॅम झटकन शोषली जाणारी साखर, १५ मिनिटांनी पुन्हा मोजणी, हा साधा नियम घरातल्या सगळ्यांना माहीत हवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही, ताबडतोब वैद्यकीय मदत बोलवायची. मात्र साखर उतरलेली असताना माणूस जे चिडून बोलला, ते नंतर त्याच्यापुढे उगाळू नये. मेंदूला साखर कमी पडत होती तेव्हाचं ते बोलणं असतं.

चुकीचा शब्द गेला तर जग बुडत नाही. प्रेमाने विचारपूस करणाऱ्या माणसाचा एखादा जुना शब्द कुणी मनाला लावून घेत नाही. उलट शब्द अगदी आदर्श आणि कपाळावर आठ्या, हे लगेच कळतं.

दवाखान्यात वेळ कुठे असतो?

कमीच असतो. पण वर दिलेली बहुतेक वाक्यं जुन्या वाक्यांइतकीच लांब आहेत. ‘काय हो, परत वाढवून आलात’ म्हणायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच ‘साखर वाढलेली दिसतेय, तुम्हाला काय कारण वाटतं?’ म्हणायला लागतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकायला एखादा मिनिट जास्त जाईल, हे खरं. पण रात्रपाळीचं कारण त्याच मिनिटात कळतं, आणि मग अंदाजाने औषध वाढवून पुढच्या वेळी पुन्हा तिथेच येणं टळतं.

‘मी शुगरवालाच’ असं कुणी स्वतःच म्हणत असेल तर?

मार्गदर्शिका सुचवतात की ‘डायबेटिक’ असं लेबल लावण्याऐवजी ‘मधुमेह असलेली व्यक्ती’ म्हणावं, कारण आजार ही त्या माणसाची पूर्ण ओळख नव्हे. लिहिताना, अनोळखी माणसाशी बोलताना, फाइलमध्ये नोंद करताना हे जरूर पाळावं. पण अनेक जण स्वतःला बिनदिक्कत डायबेटिक म्हणवतात, काहींना त्यात आपलेपणाही वाटतो. त्यांना सुधारायला जाऊ नये. आपल्या आजाराला काय नाव द्यायचं हा त्यांचा अधिकार आहे, आणि त्यांनी स्वतःसाठी वापरलेला शब्द आपणही त्यांच्यासाठी वापरावा का, हे त्यांनाच विचारावं.

मात्र कुणी ‘माझंच चुकलं, माझ्यात जिद्दच नाही’ असं म्हणू लागलं तर तिथे थांबावं. लगेच धीर देण्याची किंवा सल्ल्याची घाई न करता विचारावं, ‘यातलं सगळ्यात जड काय जातं?’ उत्तर बऱ्याचदा साखरेचं नसतंच. झोपेचं असतं, पैशांचं असतं, कामाच्या ठिकाणी इंजेक्शन घ्यायला आडोसा नसल्याचं असतं. यातल्या काही गोष्टी डॉक्टर सोडवू शकतात, काही घरचे, काही कामावरचे वरिष्ठ. आणि शीण फार खोल गेलेला दिसला, झोप-भूक उडाली, जगण्यातच रस उरला नाही असं बोलणं आलं, तर साखरेच्या डॉक्टरांना ते स्पष्ट सांगून मानसोपचारतज्ज्ञांची मदत लवकर घ्यावी.